थंडीत पिकणारे मीठ

पृथ्वीवरच्या गोड्या पाण्याचा सुमारे ७० टक्के साठा अंटार्क्टिकाच्या बर्फात आहे. त्याच खंडावर, राईट दरीच्या दक्षिण फाट्यात, जेमतेम घोटाभर खोलीचे एक तळे आहे. त्याचे नाव डॉन हुआन. त्याच्या पाण्यात वजनाने ४० टक्क्यांहून अधिक क्षार विरघळलेले असतात. समुद्राच्या पाण्यात हे प्रमाण साडेतीन टक्के असते, मृत समुद्रात सुमारे ३४. बाहेरचे तापमान उणे ४० अंश सेल्सियसपर्यंत उतरले तरी हे तळे गोठत नाही. १९६१ साली दोन हेलिकॉप्टर वैमानिकांमुळे त्याचा शोध लागला आणि प्रश्न उभा राहिला: चहूकडे गोड्या पाण्याचे एवढे बर्फ असताना इतके मीठ आले कुठून, आणि ते नेमके याच खळग्यात कसे साचले?

एका तळ्याकडे पाहून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. त्यासाठी हिमनदीच्या कड्यावरून ठिबकणाऱ्या पाण्यापासून सुरुवात करावी लागते. मग ओढ्याची वाळू, वाऱ्याबरोबर येणारी समुद्राची मिठाळ धूळ, जमिनीखालची खारी झिरप आणि बर्फाखाली झाकलेली सरोवरे अशी वाट धरावी लागते. ही वाट म्हणजेच पुढील प्रकरणांचा विषय: ध्रुवीय वाळवंटातल्या पाण्याचे रसायनशास्त्र.

मॅकमर्डोच्या कोरड्या दऱ्या हे या विषयाचे सर्वांत जास्त अभ्यासले गेलेले क्षेत्र. अंटार्क्टिकाच्या पूर्व भागातल्या अवाढव्य हिमचादरीला ट्रान्सअंटार्क्टिक पर्वतरांग आडवी येते आणि तिच्या पलीकडे, रॉस समुद्राच्या बाजूला, सुमारे ४,५०० चौरस किलोमीटर जमीन उघडी राहते. इथले वार्षिक सरासरी तापमान ठिकाणाप्रमाणे उणे १५ ते उणे ३० अंशांच्या दरम्यान असते. पाऊस पडत नाही. वर्षभरात जो हिमवर्षाव होतो त्याचे पाणी केले तर दरीच्या तळाशी ते काही मिलिमीटर ते ५० मिलिमीटर भरते, आणि त्यातलाही बराचसा हिम न वितळता थेट वाफ होऊन उडून जातो. पठारावरून खाली घसरणारे कोरडे वारे उरलेसुरले शोषून घेतात. इथे झाड नाही, गवत नाही, जमिनीवर राहणारा पाठीचा कणा असलेला एकही प्राणी नाही.

रॉबर्ट फाल्कन स्कॉट डिसेंबर १९०३ मध्ये पठारावरून परतताना टेलर हिमनदीच्या टोकापाशी खाली उतरला आणि ही बर्फहीन दरी पाहणारा पहिला ठरला. १९११ मध्ये स्कॉटच्याच दुसऱ्या मोहिमेतला भूवैज्ञानिक ग्रिफिथ टेलर तिथे पोहोचला. त्यानंतर जवळजवळ अर्धशतक या दऱ्यांकडे कोणी फिरकले नाही. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाने अंटार्क्टिकात कायमची संशोधन केंद्रे आणली, हेलिकॉप्टर आणले, आणि मग न्यूझीलंड, अमेरिका आणि जपानचे वैज्ञानिक बाटल्या, गिरमिटे आणि तापमापक घेऊन सरोवरांवर उतरले. १९९३ पासून अमेरिकेच्या दीर्घकालीन परिस्थितिकी संशोधनाच्या जाळ्यात टेलर दरी सामील झाली. तिथले ओढे आणि सरोवरे यांची मापे तेव्हापासून दर उन्हाळ्यात घेतली जातात.

या मापांतून एक गोष्ट वारंवार पुढे येते. इथल्या सरोवरांना मिळणारे क्षार मुळात फार वेगळे नाहीत. समुद्र तोच, वारा तोच, खडकही बव्हंशी तेच. तरीही एकाच दरीतली शेजारची दोन सरोवरे चवीला, रंगाला, वायूंना आणि जीवसृष्टीला परकी असतात. हा फरक पडतो तो पाणी गमावण्यातून. किती पाणी उडाले, किती गोठले, सरोवर किती वेळा आटले आणि पुन्हा भरले, यावर आज त्याच्या तळाशी काय आहे हे ठरते. भरपूर पावसाच्या प्रदेशात हा हिशेब नदीबरोबर समुद्राला जातो. इथे दरीला बाहेर जाणारी वाट नाही, म्हणून तो जागच्या जागी वाचता येतो.

सुरुवात ओढ्यांपासून. नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य चोवीस तास वर असतो, तेव्हा हिमनद्यांच्या कड्यांवर पाणी सुटू लागते. ओढे वाहतात जेमतेम सहा ते दहा आठवडे. दिवसाच्या ठरावीक वेळी कड्यावर थेट ऊन पडले की पाण्याचा लोंढा येतो. कडा सावलीत गेला की ओढा मंदावतो. या खंडातली सर्वांत लांब नदी ऑनिक्स, लांबी सुमारे ३० किलोमीटर, राईट दरीत वाहते. ती समुद्राजवळच्या हिमनदीपासून निघते आणि समुद्राकडे पाठ फिरवून आत, वांडा सरोवराला जाऊन मिळते.

हिमनदीचे पाणी जवळजवळ निखळ असते. सरोवरापर्यंत पोहोचताना मात्र त्यात सोडियम, कॅल्शियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट आणि सिलिका आलेले असतात. ओढा जितका लांब तितके क्षार जास्त. इतक्या थंडीत खडक विरघळणे जवळपास थांबलेले असेल असा पूर्वी समज होता. टेलर दरीतल्या ओढ्यांची मापे घेतल्यावर तो मागे पडला. पात्राच्या क्षेत्रफळाच्या हिशेबाने पाहिले तर इथल्या सिलिकेट खनिजांच्या विदारणाचा वेग समशीतोष्ण प्रदेशातल्या अनेक खोऱ्यांपेक्षा कमी नाही, काही ठिकाणी तर जास्तच आहे.

याचे कारण पात्राच्या काठावर आणि पोटात आहे. ओढ्याखाली साधारण अर्ध्या मीटरवर जमीन कायमची गोठलेली असते. तिच्या वरच्या ओल्या वाळूत ओढ्याचे पाणी सतत शिरते आणि परत बाहेर येते. हिमनदीने दळलेला आणि वाऱ्याने आणून टाकलेला खडकाचा ताजा भुगा तिथे पडलेला असतो. गोठणे-वितळणे त्याचे कण आणखी फोडते, आणि फुटलेल्या प्रत्येक कणाचा नवा पृष्ठभाग पाण्याच्या हाती लागतो. मातीचा जाड थर नाही, मुळे नाहीत, कुजणारा पालापाचोळा नाही. म्हणून पाणी आणि खनिज यांच्यातली देवाणघेवाण इथे जशी उघड्यावर मोजता येते तशी फार थोड्या ठिकाणी येते.

ओढ्यांत जीव नाही असे मात्र नाही. पात्राच्या दगडांवर नारिंगी, हिरवे आणि काळे शेवाळी थर असतात. ते मुख्यतः सायनोबॅक्टेरियाचे. वर्षातले नऊ-दहा महिने ते सुकून गोठलेले असतात आणि पाणी आले की लगेच कामाला लागतात. काळे थर नॉस्टॉक या सायनोबॅक्टेरियाचे. ते हवेतला नायट्रोजन बांधून घेतात. जिथे थर दाट, तिथल्या ओढ्याच्या पाण्यात नायट्रेट फार कमी सापडते, कारण पाणी सरोवरात पोहोचण्याआधीच थर ते उचलतात. डायान मॅकनाइट यांच्या चमूने १९९० च्या दशकाच्या मध्याला एका ओढ्याचे पाणी दोन दशके कोरड्या पडलेल्या जुन्या पात्रात वळवले. काही दिवसांतच तिथले सुकलेले थर जिवंत झाले. जुन्या पात्रात साठलेले क्षारही त्याबरोबर सुटले.

नायट्रेटची गोष्ट स्वतंत्र प्रकरणाच्या योग्यतेची आहे. या दऱ्यांतल्या मातीतले नायट्रेट बव्हंशी वातावरणातून आलेले आहे. त्यातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून ते ओळखता येते. उंचावरच्या जुन्या, कोरड्या जमिनींवर ते धुऊन नेणारे पाणी नाही आणि वापरून टाकणारी वनस्पतीही नाही, त्यामुळे ते हजारो वर्षे साठत राहते. समुद्राजवळच्या जमिनींत वाऱ्याने आणलेले मीठ जास्त, आत आणि वर जावे तसे नायट्रेट आणि सल्फेट जास्त, असा साधारण पट्टा दिसतो.

आता सरोवरे. टेलर दरीत समुद्राकडून आत जाताना फ्रिक्सेल, होर आणि बॉनी अशी तीन मोठी सरोवरे लागतात. तिघांवरही वर्षभर तीन ते सहा मीटर जाडीचे बर्फ असते. वरून बर्फ झिजतो, खालून पाणी गोठून भर पडते, आणि जाडी टिकून राहते. या झाकणामुळे वारा पाण्याला हात लावू शकत नाही. मग जड, खारे पाणी तळाशी आणि हलके, गोडे पाणी वर, असे थर शतकानुशतके न ढवळता राहतात. म्हणूनच नमुना घेताना खोली अचूक पाळावी लागते. अर्धा मीटर चूक झाली तरी वेगळ्याच पाण्याची बाटली हाती येऊ शकते.

कॅनडा हिमनदीने अडवलेले होर जवळजवळ गोडे आहे. फ्रिक्सेल मचूळ, सोडियम आणि बायकार्बोनेटचे. त्याच्या तळाच्या पाण्यात ऑक्सिजन नाही, हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन आहेत. बॉनीचा तळ समुद्राहून कित्येक पटींनी खारा आहे. त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग एका उथळ उंबरठ्याने विभागले गेले आहेत. पश्चिम भागाच्या खोल पाण्यात जीवाणू नायट्रेटचे नायट्रोजन वायूत रूपांतर करतात. पूर्व भागात ही क्रिया अडून राहिलेली आहे. जॉन प्रिस्कू यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिले की पूर्व भागात विरघळलेल्या नायट्रस ऑक्साइडचे प्रमाण नैसर्गिक पाण्यात आढळलेल्या सर्वांत मोठ्या प्रमाणांपैकी आहे.

वांडा सरोवराने तर तापमापकावरचा विश्वासच डळमळीत केला होता. वर तीन-चार मीटर बर्फ, आणि ७० मीटरच्या आसपास तळाशी तापमान सुमारे २५ अंश. एखाद्या गरम झऱ्याचा संशय आधी घेतला गेला. न्यूझीलंडचे रसायनशास्त्रज्ञ अलेक्स विल्सन आणि त्यांचे सहकारी वेलमन यांनी १९६२ मध्ये दुसरे उत्तर मांडले: ही उष्णता सूर्याची. पारदर्शक बर्फातून आणि अत्यंत स्वच्छ पाण्यातून प्रकाश खोलवर जातो. तळाचे पाणी कॅल्शियम क्लोराइडने इतके जड झालेले असते की तापूनही ते वर येत नाही. उष्णता तिथेच अडकते आणि वर्षानुवर्षे साठते.

विल्सन यांनी पुढची पायरी १९६४ मध्ये गाठली, आणि या विषयातला तो सर्वांत सुंदर युक्तिवाद आहे. न ढवळणाऱ्या पाण्यात क्षार तळाकडून वर सरकतात ते केवळ रेणूंच्या विसरणाने, आणि त्याचा वेग प्रयोगशाळेत मोजता येतो. वांडाच्या खोलीनुसार क्लोराइड कसे बदलते याचा आलेख त्यांनी घेतला आणि विचारले की हा आलेख असा व्हायला किती काळ लागला असेल. उत्तर आले सुमारे १,२०० वर्षे. त्या काळी हवामान अधिक कोरडे होते. वांडा आटून एक लहानसे, अतिखारट तळे उरले होते. मग हिमनद्यांचे पाणी वाढले, खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा थर चढत गेला आणि वर बर्फाने झाकण घातले. ज्या प्रदेशाचा मानवी इतिहास १९०३ पासून सुरू होतो, तिथल्या हवामानाची हजार वर्षांपूर्वीची नोंद पाण्याच्या रसायनाने दिली.

पण आटणाऱ्या पाण्यात शेवटी कॅल्शियम क्लोराइडच का उरते? कोकणातल्या मिठागरात उन्हाने पाणी उडत जाते तेव्हा सगळे क्षार एकदम बसत नाहीत. आधी चुनखडी आणि जिप्सम, मग खायचे मीठ, आणि शेवटी मॅग्नेशियमचे कडू पाणी उरते. अंटार्क्टिकात हेच काम थंडी करते. समुद्राचे पाणी गोठताना निखळ बर्फ वेगळा होतो आणि उरलेले पाणी खारट होत जाते. प्रथम कॅल्शियम कार्बोनेट बसते. त्यानंतर, उणे सहा-आठ अंशांच्या सुमारास, मिराबिलाइट, म्हणजे पाण्यासकट स्फटिक झालेले सोडियम सल्फेट. उणे २३ अंशांच्या जवळ खायचे मीठही आपल्या प्रत्येक रेणूमागे पाण्याचे दोन रेणू घेऊन तळाशी जाते. जे द्रावण अजूनही वाहते राहते त्यात मॅग्नेशियम आणि कॅल्शियमची क्लोराइडे असतात. त्यात आणखी एक भर पडते: खारी झिरप मातीतून जाताना तिच्यातले सोडियम मातीच्या कणांवर बसते आणि तिथले कॅल्शियम पाण्यात उतरते.

डॉन हुआन हे या मालिकेचे टोक. तिथल्या क्षारांत कॅल्शियम क्लोराइडचा वाटा इतका मोठा आहे की ते सुमारे उणे ५० अंशांपर्यंत द्रव राहू शकते. त्याच्या काठावर कॅल्शियम क्लोराइडचे सहा पाण्यांचे स्फटिक जपानी वैज्ञानिक तेत्सुया तोरी आणि जोयो ओसाका यांनी ओळखले आणि १९६५ मध्ये त्या खनिजाला अंटार्क्टिसाइट हे नाव दिले. तळ्याला पाणी कुठून मिळते यावर अजून मतभेद आहेत. जमिनीतले क्षार हवेतली आर्द्रता ओढून घेतात आणि ते ओघळ तळ्यात उतरतात, असे २०१३ मधल्या एका अभ्यासाने सलग छायाचित्रांच्या आधारे मांडले. २०१७ मधल्या दुसऱ्या अभ्यासाने रासायनिक गणिताच्या बळावर खोलातून वर येणाऱ्या भूजलाकडे बोट दाखवले. याच तळ्यातून बाहेर पडणारा नायट्रस ऑक्साइड जीवाणूंविना, खारे पाणी आणि डोलेराइट खडक यांच्या प्रक्रियेतून तयार होतो, असे २०१० मध्ये दिसून आले. जीवसृष्टीची खूण मानला जाणारा वायू निव्वळ खडक आणि पाणीही बनवू शकतात, ही गोष्ट मंगळाकडे पाहणाऱ्यांना विसरून चालत नाही.

मराठी वाचकाला बंदिस्त खाऱ्या पाण्याचे एक उदाहरण घरचेच आहे: लोणार. लॉरेन्स हार्डी आणि हान्स यूगस्टर यांनी १९७० मध्ये मांडलेल्या विचाराने लोणार आणि वांडा एकाच चौकटीत समजतात. पाणी आटू लागले की कॅल्शियम आणि कार्बोनेट मिळून चुनखडीच्या रूपाने बाहेर पडतात. दोहोंपैकी जे मुळात कमी असते ते संपते, आणि जे जास्त असते त्याच्या हाती पुढचे पाणी जाते. लोणारच्या बेसाल्टमधून येणाऱ्या पाण्यात बायकार्बोनेट वरचढ ठरते. म्हणून ते सोडायुक्त, दहाच्या आसपास सामू असलेले आम्लारी सरोवर झाले. वांडात कॅल्शियम वरचढ ठरले. सुरुवातीच्या पाण्यातला लहानसा फरक शेवटी दोन पूर्णपणे वेगळी सरोवरे घडवतो.

टेलर हिमनदीच्या टोकाशी एक तांबडा ओघळ बर्फावरून खाली उतरतो. ग्रिफिथ टेलरने तो १९११ मध्ये पाहिला आणि रंग लाल शेवाळाचा असावा असे मानले. तो रंग लोखंडाचा निघाला. हिमनदीच्या पोटात प्राचीन समुद्राच्या पाण्यापासून उरलेले, ऑक्सिजनविरहित, उणे पाच-सात अंशांतही द्रव राहणारे खारे पाणी आहे. ते हवेत येताच त्यातले लोह गंजते. जिल मिकुकी आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवले की दहा लाखांहून अधिक वर्षे प्रकाशापासून तुटलेल्या या पाण्यात जीवाणू सल्फेट आणि लोह यांच्या आधारे जगतात. २०१५ मध्ये हेलिकॉप्टरखाली टांगलेल्या विद्युतचुंबकीय यंत्राने टेलर दरीखाली असे खारे पाणी दूरवर पसरलेले असल्याचे दिसले. व्हिक्टोरिया दरीतल्या विडा सरोवरात जाड बर्फाच्या आत उणे १३ अंशांचे, समुद्राहून सहापट खारे पाणी सापडले, आणि त्यातही जीवाणू होते. कोरड्या दऱ्या वरून कोरड्या आहेत. खाली त्या तितक्या कोरड्या नाहीत.

हे सगळे स्थिर नाही, आणि या विषयाची निकड तिथेच आहे. १९८६ ते २००० या काळात टेलर दरी दर दशकाला सुमारे ०.७ अंशांनी थंड होत गेली. ओढे रोडावले, सरोवरांवरचा बर्फ जाडावला. मग २००१-०२ चा उन्हाळा आला. एवढे पाणी सुटले की आधीच्या दशकाहून अधिक काळात खाली गेलेली पातळी एका ऋतूत भरून निघाली. वांडाची पातळी त्याआधीच वाढत होती. १९६८ मध्ये त्याच्या काठी उभारलेले न्यूझीलंडचे केंद्र १९९० च्या दशकात हलवावे लागले. वाढते पाणी काठावर पूर्वी साठलेले क्षार आणि नायट्रेट सरोवरात ओढून नेते. हजार वर्षे अढळ राहिलेले थर किती झपाट्याने बदलू शकतात याची मापे आज घेतली नाहीत तर नंतर तुलनेला काही उरणार नाही.

म्हणून इथे माणसाची खूणही जपून ठेवावी लागते. २००४ पासून या दऱ्या अंटार्क्टिक करारानुसार विशेष व्यवस्थापनाचे क्षेत्र आहेत. छावणीतले मलमूत्र आणि सांडपाणीसुद्धा बाहेर नेले जाते. जिथे ओढ्यातले नायट्रेट अत्यल्प असते, तिथे एका बादलीनेही नोंद बिघडू शकते.

भारताचा या विषयाशी संबंध गोव्याच्या बंदरातून सुरू होतो. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखालची पहिली भारतीय मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये तिथूनच निघाली. आज वास्कोतल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राकडून मोहिमांची आखणी होते. मैत्री हे केंद्र शिर्माकर ओॲसिसमध्ये आहे. तिथे शंभराहून अधिक सरोवरे आहेत, आणि प्रियदर्शिनी सरोवराचे पाणी केंद्राच्या रोजच्या वापरात येते. २०१२ मध्ये सुरू झालेले भारती केंद्र ज्या लार्समन टेकड्यांत आहे तिथेही सरोवरे पुष्कळ. त्यांतली बहुतेक उन्हाळ्यात बर्फमुक्त होतात, त्यांचे पाणी बाहेर वाहून जाते, आणि म्हणून ती गोडी राहतात. मॅकमर्डोच्या खाऱ्या सरोवरांशेजारी ठेवून ती वाचली तर वाहत्या आणि अडलेल्या पाण्यातला फरक अधिक स्पष्ट होतो. भारतीय नमुन्यांचा हा उपयोग अजून पुरता झालेला नाही, आणि तो व्हायला हवा.

पुढील प्रकरणांचा क्रम पाण्याच्या वाटेने लावला आहे. आधी हिमनदी आणि तिच्यावर पडणारी धूळ, मग ओढा आणि त्याच्या काठची ओली वाळू, त्यानंतर शेवाळी थर, सरोवरे, आणि शेवटी जमिनीखालचे खारे पाणी. रसायनशास्त्राची शालेय ओळख वाचकाला पुरेल. आयन, सामू, विसरण या कल्पना जिथे लागतात तिथेच समजावल्या आहेत. आकड्यांचे तक्ते प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी आहेत. घाई असेल त्याने ते नंतर पाहावेत, पण वांडाच्या क्लोराइडचा आलेख मात्र विल्सन यांचा युक्तिवाद वाचतानाच समोर ठेवावा.